कोल्हापूर-सांगलीचा दूधधंदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचगंगा, वारणा आणि कृष्णा या नद्यांच्या काठच्या गावांत दुधाबद्दल जे प्रश्न सतत कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही गोठ्यातले आहेत, काही संस्थेच्या काट्यासमोर उभं राहून विचारलेले, तर काही पुण्या-मुंबईत पिशवीतलं दूध घेणाऱ्यांचे.

एवढा ऊस पिकतो, मग या भागात दुधाचं एवढं महत्त्व कशाला?

उसाचा पैसा वर्षाने येतो. आडसाली लावण असेल तर सोळा ते अठरा महिन्यांनी. शिवाय तो हातात पडायच्या आधी सेवा सोसायटीचं पीककर्ज वळतं होतं. दुधाचं बिल मात्र दर दहा दिवसांनी येतं: १ ते १० तारीख, ११ ते २०, आणि २१ ते महिनाअखेर. किराणा, शाळेची फी, दवाखाना, बचत गटाचा हप्ता, पाहुण्यांकडचा आहेर हे सगळं या बिलावर चालतं. सरकारी कागदांत दूध हा शेतीचा जोडधंदा म्हणून लिहिलेला असतो. वीस गुंठे रान आणि दोन म्हशी असलेल्या घरात खरा प्रकार उलटा आहे. तिथे दूध मुख्य आणि ऊस जोडीला. पुढची सगळी उत्तरं हे घर डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत, कारण या भागातल्या दूधधंद्याचा पाया तेच आहे.

दुसरं कारण पाणी आणि वैरण. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम सुरू केलं, पुढे आणखी धरणं झाली आणि नदीकाठ बारमाही हिरवा राहिला. ज्याला रान नाही तोही बांधावरचं गवत आणि तोडणीच्या दिवसांतलं उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, यांच्या आधारावर एक म्हैस सांभाळू शकतो. भूमिहीन माणसाला दर दहा दिवसांनी रोख पैसा देणारा दुसरा धंदा गावात सहसा सापडत नाही.

गोकुळ, वारणा, चितळे यांच्यात फरक काय?

गोकुळ म्हणजे कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ. स्थापना १९६३ची. रचना गुजरातमधल्या आणंदसारखी तीन पायऱ्यांची: गावात प्राथमिक दूध संस्था, जिल्ह्याला संघ, वर राज्याचा महासंघ. शेतकरी संस्थेचा सभासद, संस्था संघाची सभासद. १९७० साली सुरू झालेल्या दूध महापूर योजनेतून, म्हणजे ऑपरेशन फ्लडमधून, या रचनेला बळ मिळालं.

वारणेची गोष्ट तात्यासाहेब कोरे यांच्यापासून सुरू होते. आधी साखर कारखाना, मग त्याच खोऱ्यात दूध संघ. श्रीखंडामुळे वारणेचं नाव घराघरांत गेलं, आणि कॅडबरीसाठी बोर्नव्हिटा बनवण्याचं कामही वारणानगरात झालं. खेड्यातला सहकारी संघ एवढ्या मोठ्या कंपनीच्या कसोटीला उतरतो, ही या भागाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

चितळे खासगी. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ साली सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीत धंदा उभा केला. कृष्णेचं पाणी, म्हशीचं दूध आणि पुणे-मिरज मार्गावरचं रेल्वे स्टेशन या तिन्ही गोष्टी तिथे जवळ होत्या.

दूध घालणाऱ्याच्या दृष्टीने मुख्य फरक वर्षअखेरीला कळतो. सहकारी संघात नफ्याचा काही भाग दर फरकाच्या रूपाने परत येतो. खासगी डेअरीत दर रोजच्या रोज ठरतो आणि व्यवहार तिथे मिटतो. महाराष्ट्रात इतरत्र दूध-खरेदीत खासगी डेअऱ्या फार पुढे गेल्या आहेत. कोल्हापुरात सहकार टिकून आहे तो मुख्यतः या फरकामुळे, तसंच गावात येणारा संघाचा जनावरांचा डॉक्टर, कृत्रिम रेतनाची सोय आणि उधारीवर मिळणारं पशुखाद्य यांमुळे.

दिवाळीचा ‘फरक’ म्हणजे बोनसच ना?

लोक बोनस म्हणतात, पण तो तुमच्याच दुधाचा राहिलेला पैसा आहे. वर्षभर संघ एका सुरक्षित दराने दूध घेतो, विक्रीचा हिशोब झाल्यावर उरलेल्यातून लिटरमागे काही रक्कम दिवाळीआधी देतो. प्राथमिक संस्थाही आपल्या नफ्यातून वेगळा फरक देते. म्हणून दोन गावांतला फरक सारखा नसतो, आणि शेजारच्या गावाला जास्त का मिळाला हा प्रश्न आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेत विचारलाच पाहिजे. ताळेबंद मागून घ्या. संस्थेने मधल्या काळात दूध दुसरीकडे घातलं तर, किंवा तुम्ही उन्हाळ्यात जास्त दर बघून बाहेर गेलात तर, तेवढ्या लिटरचा फरक बुडतो हेही ध्यानात ठेवा.

संस्थेत दुधाचा दर ठरतो कसा?

फॅट आणि एसएनएफ या दोन आकड्यांवर. फॅट म्हणजे स्निग्धांश, एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ: प्रथिनं, दुधातली साखर, क्षार. गाईच्या दुधाचा पायाभूत दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला जाहीर होतो, म्हशीचा ६.० आणि ९.० ला. पेपरात छापून येणारा दर हाच असतो. तुमच्या चिठ्ठीवरचा दर यापेक्षा वर किंवा खाली असतो, कारण प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, दरपत्रकात ठरलेली वाढ किंवा घट आहे.

नेमकी गोम इथेच आहे. पायाभूत आकड्याच्या खाली गेल्यावरची घट बऱ्याच ठिकाणी वरच्या वाढीपेक्षा जास्त असते. गाईचं दूध ३.५ ऐवजी ३.२ लागलं आणि एसएनएफ ८.५ ऐवजी ८.२ लागला, तर दोन्हीकडून कात्री लागते. जाहीर दर आणि हातातला दर यांत त्यामुळे मोठी दरी पडते. डेअऱ्यांची तुलना करताना बोर्डावरचा दर बघू नका. दोन्ही ठिकाणची पूर्ण दरपत्रकं मागवा आणि आपल्या दुधाला नेहमी लागणाऱ्या फॅट-एसएनएफची ओळ ताडून बघा.

फॅट अचानक उतरली. मशीनमध्ये गडबड आहे का?

असू शकते. पण आधी गोठ्यात बघा, कारण बहुतेक वेळा उत्तर तिथे सापडतं.

धार काढताना पहिल्या चिळकांड्यांत फॅट सर्वांत कमी असते आणि शेवटच्या धारांत सर्वांत जास्त. घाईत धार काढली, शेवटचं दूध कासेत राहिलं किंवा ते रेडकासाठी सोडलं, की किटलीतली फॅट उतरते. रेडकाला पान्ह्यासाठी सोडायचं ते सुरुवातीला सोडावं, त्याच्या वाट्याचं दूध मोजून आधी पाजावं आणि कास शेवटपर्यंत रिकामी करावी. एवढ्या एका सवयीने फॅट सुधारलेली घरं प्रत्येक गावात दाखवता येतील.

दोन धारांमधलं अंतर हेही कारण असतं. संध्याकाळी पाचला आणि सकाळी सहाला धार काढली तर रात्रीचं अंतर तेरा तासांचं होतं. सकाळी दूध जास्त निघतं, फॅट कमी लागते. संध्याकाळी याच्या उलट. वेळा बारा-बारा तासांच्या जवळ आणल्या की हा चढउतार कमी होतो.

मग वैरण. सुका चारा बंद करून नुसतं कोवळं हिरवं घातलं, किंवा पेंड एकदम वाढवली, की फॅट पडते. फॅट मुख्यतः तंतुमय चाऱ्यापासून तयार होते. दिवसभरात कडबा, वाळलेलं गवत किंवा भाताचं पिंजार थोडं तरी पोटात गेलंच पाहिजे. नवीन व्यालेल्या जनावराची फॅट पहिल्या दोन-तीन महिन्यांत कमी असते, दूध कमी होत जातं तशी चढते. ही निसर्गाची चाल आहे, तिथे कुणाचा दोष नाही.

हे सगळं जागेवर असूनही आकडा पटत नसेल तर आपल्यासमोर नमुना पुन्हा लावून घ्या. नमुना घेण्याआधी दूध पावळीने वरखाली ढवळलं का, हे बघा. साय वर आलेली असताना वरवर घेतलेला नमुना एक सांगतो आणि तळाचा दुसरं. यंत्र रोज साफ केलं जातं का आणि त्याची तपासणी कधी झाली, हे विचारण्याचा सभासदाला पूर्ण अधिकार आहे.

म्हैस पाळावी की गाय?

या भागापुरतं आमचं स्पष्ट मत: दोन-तीन जनावरांच्या घराने आधी म्हैस धरावी. होल्स्टिन संकरित गाय दूध जास्त देते, लवकर गाभण जाते, वेतही लवकर येतं. पण तिचं दूध पावडरीच्या बाजाराशी बांधलेलं आहे, आणि तो बाजार आपल्या हातात नाही. म्हशीच्या घट्ट दुधाला मुंबई-पुण्यात चहासाठी, दह्यासाठी, तुपासाठी स्वतःची मागणी आहे, त्यामुळे तिचा दर सहसा कोसळत नाही. कोल्हापूरच्या दुधाचं नाव मुंबईत झालं तेही म्हशीच्या दुधामुळेच.

आपल्याकडची मूळची म्हैस पंढरपुरी. तलवारीसारखी लांब, मागे वळलेली शिंगं, अंगाने आटोपशीर, ऊन आणि हलका चारा सोसणारी. मुऱ्हापेक्षा दूध कमी, पण खाणंही कमी आणि गाभण जायला नियमित. हरियाणातून आणलेली मुऱ्हा मापात भारी पडते, तिच्या खरेदीला संघही प्रोत्साहन देतो. मात्र तिला भरपूर वैरण, सावली आणि उन्हाळ्यात पाणी मारायची सोय लागते. हे नसेल तर पहिल्या वेतानंतर ती रिकामी उभी राहते आणि कर्जाचा हप्ता तेवढा चालू राहतो.

ज्यांच्याकडे पंधरा-वीस जनावरांचा मुक्त गोठा, मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) आणि घरचं माणूसबळ आहे, त्यांनी गाईचा विचार जरूर करावा. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली उभ्या केलेल्या बाएफ संस्थेने संकरित गाय महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचवली. तिचा फायदा नगर, पुणे, सोलापूर भागाने मोठ्या प्रमाणावर घेतला आहे.

गाईच्या दुधाचा दर मधूनच का कोसळतो?

पावडरीमुळे. हिशोब मांडून बघू. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफचं १०० लिटर गाईचं दूध घेतलं तर त्यातून साधारण पावणेनऊ किलो भुकटी आणि सव्वाचार किलोच्या आसपास लोणी निघतं. आता भुकटी किलोमागे ५० रुपयांनी उतरली असं धरा. १०० लिटरमागे सव्वाचारशे-साडेचारशे रुपये गेले, म्हणजे लिटरला चार ते साडेचार रुपये. डेअरी तो तोटा स्वतः सोसत नाही, तो खरेदीदरात उतरतो. भुकटीचा भाव जगाच्या बाजारावर आणि देशातल्या शिल्लक साठ्यावर चालतो. वडणग्याच्या किंवा बोरगावच्या गोठ्यात त्याचा निरोप थेट दहा दिवसांच्या बिलातून येतो.

सगळंच दूध पावडरीला जात नाही हे खरं. पण हिवाळ्यात दूध वाढतं तेव्हा पिशवीतून खपण्यापलीकडचं दूध भुकटीलाच जातं, आणि दर ठरतो तो त्या शेवटच्या जास्तीच्या दुधावर. जुलै २०१८ मध्ये राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली झालेलं दूध आंदोलन याच कारणाने पेटलं होतं. त्यानंतर गाईच्या दुधाला लिटरला २५ रुपये देण्याचा निर्णय झाला.

सरकारी अनुदानाचं काय झालं?

राज्य सरकारने जानेवारी २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये दिले. जुलै २०२४ पासून ही योजना पुन्हा सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२४ पासून रक्कम ७ रुपये केली. पैसे थेट बँक खात्यात जायचे, त्यासाठी जनावराच्या कानातला १२ अंकी बिल्ला, आधार आणि खातं यांची नोंद जुळावी लागे. बिल्ला तुटलेला, विकलेल्या गाईची नोंद तशीच राहिलेली, खातं मुलाचं आणि दूध आईच्या नावाचं, अशा कारणांनी कितीतरी जणांचे पैसे अडकले. पुढे अनुदान येवो न येवो, जनावराची नोंद आजच दुरुस्त करून घ्या. नुकसानभरपाईला आणि विम्यालाही तीच लागते.

दुधाचं बिल कुणाच्या नावावर असावं?

जी धार काढते तिच्या.

गोठ्यातलं शेण, वैरण, धार, किटली घेऊन संस्थेपर्यंतची चाल, यातलं बहुतेक काम या भागात बायका करतात. सभासद म्हणून नाव मात्र नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. नाव बदललं की सभेत बसण्याचा हक्क, कर्जासाठी पत आणि दिवाळीचा फरक तिच्या खात्यात जातो. जिल्ह्यात महिलांच्या स्वतंत्र दूध संस्था आहेत आणि त्या नीट चालतात. घरात वाद होईल म्हणून हे टाळू नये. संस्थेच्या सचिवाकडे सभासदत्वाचा अर्ज द्यायचा, भाग भांडवलाची रक्कम भरायची आणि स्वतःच्या नावाने खातं जोडायचं, एवढंच काम आहे.

संघाच्या निवडणुकीत आम्हाला मत का नसतं?

कारण संघाचा सभासद तुमची संस्था आहे. संस्थेचं संचालक मंडळ ठराव करून एक प्रतिनिधी पाठवतं, त्यालाच ठरावधारक म्हणतात, आणि मत त्याचं. गोकुळच्या निवडणुकीत एवढी चुरस का असते ते यावरून समजेल: काही लाख उत्पादकांच्या वतीने काही हजार ठरावधारक मत देतात. तुमचा आवाज गावच्या संस्थेतून वर जातो, म्हणून संचालक मंडळ बिनविरोध करायची घाई करण्याआधी हिशोब आणि ठराव दोन्ही बघा.

नफा नेमका कशात आहे? मला वाटतं जास्त लिटर देणारं जनावर घेतलं की झालं.

जास्त दूध चांगलंच. पण आमच्या भागातले गोठे बुडतात ते भाकड काळात, म्हणजे जनावर दूध देत नाही त्या महिन्यांत.

समजा एक म्हैस एका वेतात, म्हणजे एकदा व्याल्यावर आटेपर्यंत, १८०० लिटर दूध देते. तिच्या दोन वेतांमधलं अंतर १४ महिने असेल तर रोजची सरासरी सव्वाचार लिटरच्या थोडी वर पडते. तेच अंतर २० महिने झालं तर सरासरी तीन लिटरवर येते. म्हैस तीच, दूध तेच, खाणं रोजचं चालू, आणि कमाई जवळजवळ तीस टक्क्यांनी घटली. पहिल्या दिवशी बारा लिटर देणारी म्हैस दीड वर्ष रिकामी राहिली तर आठ लिटरवाली नियमित म्हैस तिला मागे टाकते.

म्हणून माजावर लक्ष. म्हशीचा माज उन्हाळ्यात मुका असतो, ती ओरडत नाही. पहाटे आणि रात्री उशिरा गोठ्यात फेरी मारायची, चिकट सोट दिसतो का, दूध अचानक घटलं का, वारंवार लघवी करते का हे बघायचं. माज दिसल्यापासून साधारण बारा तासांनी रेतन. व्याल्यावर तीन महिन्यांत गाभण गेली नाही किंवा रेतन करूनही दोन-तीनदा उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, तर डॉक्टरांकडून तपासून घ्या, पुढच्या माजाची वाट बघू नका. लिंगनिश्चित वीर्यमात्रेने नव्वद टक्क्यांच्या आसपास माद्या होतात. नियमित माजावर येणाऱ्या निरोगी जनावरासाठीच ती वापरावी.

दुसरी गोष्ट, खर्चातला साठ-सत्तर टक्के भाग खाद्याचा असतो. वैरण विकत आणि पेंडही विकत, असा गोठा आमच्या मते सुरूच करू नये.

उसाचं वाडं घातलं तर चालतं का?

चालतं, पण एकटं नाही. वाड्यात ऑक्झलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. तोडणीच्या हंगामात चार-पाच महिने नुसत्या वाड्यावर राहिलेली म्हैस माजावर येत नाही, हाडाला येते, व्याल्यावर बसते. वाड्यासोबत मेथीघास किंवा चवळीसारखी द्विदल वैरण, थोडा कडबा आणि रोज ५०-६० ग्रॅम क्षार मिश्रण द्या. क्षार मिश्रणाची पिशवी महाग वाटते म्हणून जे टाळतात, ते पुढे डॉक्टरांच्या फेऱ्यांत कितीतरी पट घालवतात.

मुरघास दोन जनावरांसाठी परवडतो?

हो, पिशवीतला. मका दाणा चिकात असताना, साधारण पंच्याहत्तर ते पंच्याऐंशी दिवसांचा कापायचा, बारीक कुट्टी करून पायाने दाबून दाबून हवा काढायची, तोंड घट्ट बांधायचं आणि दीड महिन्याने उघडायची. बुरशी लागलेला भाग जनावराला घालू नका.

लम्पी, लाळ्या खुरकूत, दगडी (कासेचा दाह): कशाला जास्त जपायचं?

पहिल्या दोघांना लस आहे, तिसऱ्याला नाही. म्हणून जास्त जपायचं ते दगडीला.

लम्पीने २०२२ मध्ये राज्यभर गाई-बैलांचं मोठं नुकसान केलं, म्हशींना तो क्वचित होतो. माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत तो पसरतो. शेळीच्या देवीची लस तेव्हा वापरली गेली, आणि मेलेल्या दुभत्या गाईमागे ३०,००० रुपयांची मदत जाहीर झाली होती. लाळ्या खुरकुताची लस सरकारकडून वर्षातून दोनदा मिळते. लसीनंतर एक-दोन दिवस दूध कमी होतं म्हणून काहीजण जनावर लपवतात. रोग आल्यावर अख्खं वेत जातं.

दगडी गुपचूप येते. कास दिसायला चांगली असते, पण दुधाच्या पहिल्या धारेत बारीक गुठळ्या असतात. रोज पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर किंवा काळ्या वाटीत काढून बघा, लगेच कळतं. धारेआधी हात आणि कास धुवून कोरडी पुसायची, धारेनंतर सडं आयोडीनच्या द्रावणात बुडवायची आणि जनावराला अर्धा तास बसू द्यायचं नाही, कारण सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं. वैरण समोर टाकली की ते आपोआप उभं राहतं. प्रतिजैविकाचं इंजेक्शन चालू असताना डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध संस्थेत घालायचं नाही. तुमचं दूध शेकडो घरांच्या दुधात मिसळणार आहे.

गावातलं दूध मुंबईत पोचेपर्यंत त्याचं काय काय होतं?

धारेनंतर दुधात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून पहिली शर्यत थंड करण्याची. संस्थेतून ते बल्क कूलरमध्ये, म्हणजे दूध थंड करणाऱ्या मोठ्या टाकीत, किंवा जवळच्या शीतकरण केंद्रात जातं, ४ अंशांवर आणलं जातं. प्रकल्पात पुन्हा तपासणी, मग फॅट वेगळी काढून हवी तेवढी परत मिसळणं, ७२ अंशांवर १५ सेकंद तापवणं आणि लगेच थंड करणं. पाश्चरीकरण म्हणतात ते हेच. पुढे उष्णतारोधक टँकर रात्रीत पावणेचारशे किलोमीटर ओलांडतो आणि पहाटे मुंबईच्या दारात पिशवी पडते. कोकणातली आणि गोव्यातली बरीच घरंही याच दुधावर चहा करतात.

रस्ता बंद झाला की ही साखळी तुटते. ऑगस्ट २०१९च्या महापुरात पुणे-बंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला, संकलन थांबलं आणि मुंबईत दुधाचा तुटवडा पडला. गावात मात्र म्हशी रोज पिळाव्याच लागत होत्या. २०२१ मध्ये पुन्हा तेच. पूररेषेतल्या संस्थांकडे जनित्र, जास्तीची शीतकरणाची सोय आणि जनावरं हलवायला उंचावरची ठरलेली जागा असायला हवी, आणि यासाठी संघाने आणि सरकारने पैसे बाजूला काढायला हवेत. पुरात रोजंदारी बुडालेल्या माणसाची मोजदाद होते, ओतून दिलेल्या दुधाची होत नाही.

फुल क्रीम, टोन्ड, डबल टोन्ड: कुठलं घ्यावं?

फुल क्रीम म्हणजे ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ. स्टँडर्ड ४.५ आणि ८.५. टोन्ड ३ आणि ८.५. डबल टोन्ड १.५ आणि ९. लहान मुलं आणि दह्या-तुपासाठी फुल क्रीम, चहा आणि रोजच्या पिण्यासाठी टोन्ड पुरतं. टोन्ड दुधात भुकटी वापरायला कायद्याने परवानगी आहे, ती भेसळ नव्हे.

पिशवीतलं दूध उकळावं का?

पाश्चरीकृत आणि सतत थंड राहिलेलं असेल तर गरज नाही. आपल्याकडे दुकानाबाहेर क्रेटमध्ये पिशव्या तासन्‌तास पडून असतात, म्हणून एक उकळी काढणं बरं.

कोल्हापूरच्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध प्यावं का?

गंगावेशीत रात्री म्हैस समोर उभी करून पेल्यात फेसाळ धार काढून देतात. तालमीतल्या पोरांनी ही परंपरा जपली आणि पंढरपुरी म्हशीचा मान तिथे आजही दिसतो. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं लावून म्हशी पळवतात तोही याच प्रेमाचा भाग आहे. पण कच्च्या दुधातून ब्रुसेल्ला आणि क्षयाचे जंतू माणसात येऊ शकतात. गरोदर बाई, लहान मूल आणि आजारी माणसाने कच्चं दूध पिऊ नये. बाकीच्यांनी प्यायचंच असेल तर त्या म्हशींची ब्रुसेल्ला आणि क्षयाची तपासणी नियमित व्हायला हवी, आणि ती परंपरा सांभाळणाऱ्या गवळ्यांनी हा आग्रह स्वतःच धरावा.

या धंद्यात शिकून नोकरी मिळते का?

मिळते. दुग्ध तंत्रज्ञानाची पदवी उदगीर आणि पुसदजवळच्या वरूड इथल्या महाविद्यालयांत मिळते, पशुवैद्यकीसाठी आपल्याला जवळचं शिरवळ. प्रकल्पांना प्रयोगशाळा, शीतकरण आणि यंत्रदुरुस्तीची माणसं सतत लागतात, आयटीआय झालेल्यांनाही.

म्हैस विकत घेताना काय बघावं?

एका धारेवर विश्वास ठेवू नका. विकणारा आदल्या वेळची धार चुकवून कास फुगवून दाखवू शकतो. संध्याकाळ, सकाळ आणि पुन्हा संध्याकाळ अशा सलग तीन धारा स्वतः समोर बसून काढायला लावा. पहिल्या संध्याकाळचं दूध मोजायचं नाही, पुढच्या दोन धारांची बेरीज हे तिचं खरं दूध. चारही सडांतून सारखी धार येते का, एखादं सड टणक आहे का ते स्वतः हात लावून बघा. गाभण म्हणून विकत असेल तर डॉक्टरांकडून तपासणी आणि ब्रुसेल्लाची चाचणी करून मगच विसार (आगाऊ रक्कम) द्या. दातांवरून वय बघा, वेत विचारून घ्या, तिसऱ्या वेतापर्यंतची घेतलेली बरी. कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक पावतीवर लिहून घ्या आणि घरी आणल्यावर पंधरा दिवस बाकीच्या जनावरांपासून लांब बांधा.